पडद्यापलीकडचा पॉट

शटर अर्धं खाली ओढलंय, त्याच्या फटीतून वैशाखाचं ऊन दुकानात शिरलंय आणि मागच्या खोलीत मालन खराडे चटईवर आडवी पडलीय. झोपलीय म्हणावं तर पुढच्या खोलीतल्या फ्रीजरची घरघर तिला ऐकू येतेय. जागी म्हणावं तर पापण्या उघडत नाहीत. उशाशी एक वाटी आहे. वाटीत पांढऱ्या आइस्क्रीमचा गोळा, त्यावर ओतलेलं चॉकलेट. सकाळपासून अशा किती वाट्या झाल्या, तिचं तिलाच माहीत. हिच्यातलेही दोन चमचे खाऊन तिने ती बाजूला सारलीय. जमत नाही म्हणजे नाहीच जमत.

आता तासगावात खराड्यांची ‘जोडी’ कुणी खाल्ली नाही असा माणूस शोधून दाखवा. थोरली जाऊ हौसाक्का दुधाचं आइस्क्रीम करायची, जुन्या पद्धतीने, पॉटमध्ये. लाकडी पिंपात बर्फ फोडून टाकायचा, त्यावर खडे मीठ, मधे दुधाचा डबा, आणि डबा फिरवायचा तो हात भरून येईपर्यंत. धाकटी मालन चॉकलेट शिजवायची. गार गोळ्यावर कोमट चॉकलेट पडलं की त्याचा पापुद्रा धरायचा, चमचा मारला की तो कडकन फुटायचा, आणि मग तोंडात दोन्ही असं काही एकजीव व्हायचं की बोलणारा माणूस बोलायचा थांबायचा. लोक येऊन नुसतं ‘दोन जोड्या’ म्हणायचे. हे नाव आइस्क्रीमचं की जावांचं, ते कुणी विचारलं नाही.

आणि या दोघी जावांच्या मधे होता पडदा. खराखुरा पडदा, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा. सासूबाई फार हुशार बाई. दोन सुनांनी एकाच भांड्यात हात घातला तर आधी भांडं नासेल आणि मग घर, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी मागच्या खोलीत मधोमध दोरी बांधली, लुगडं टाकलं आणि नियम घातला. हौसाने आपल्या बाजूला आइस्क्रीम करायचं, मालनने आपल्या बाजूला चॉकलेट, आणि एकीने दुसरीच्या भांड्यात डोकवायचं नाही. सासूबाई गेल्या तरी नियम राहिला. दोघी एकमेकींच्या पोरांची आजारपणं काढत होत्या, एका ताटात जेवत होत्या, पण पडदा काही उचलत नव्हत्या.

गेल्या वैशाखात हौसाक्का गेली. मग मालनच्या नवऱ्याने, जयवंताने, पडदा काढला, पॉट माळ्यावर टाकला आणि त्या जागी झकपक मशीन आणून बसवलं. दूध तेच, साखर तीच, प्रमाण थोरल्या भावजींना, अक्काच्या नवऱ्याला, तोंडपाठ. अक्काच्या पॉटचा दांडा जन्मभर त्यांनीच फिरवलेला. पण जोडी जुळेना. चॉकलेट आपलं कडवट एकीकडे, आइस्क्रीम आपलं मिळमिळीत गोड दुसरीकडे. एकाच वाटीत बसून दोघं एकमेकांशी बोलायला तयार नाहीत.

तेव्हापासून मालनच्या डोक्यात एकच किडा वळवळतोय. अक्का काहीतरी घालत होती. पडद्यामागे, गुपचूप. भावजींनाही पत्ता लागू न देता. आणि जाताना ते मला सांगितलं नाही. का सांगितलं नाही? मी काय परकी होते?

याहून वाईट गोष्ट दहाव्याच्या दिवशी घडली. पिंडाला कावळा शिवेना. मुलीचं सगळं करू, दुकान बंद पडू देणार नाही, सगळी वचनं देऊन झाली. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. थोरले भावजी, रंगराव, एरवी गाईसारखा गरीब माणूस, सगळ्यांदेखत मालनकडे वळून म्हणाले, “तुझ्याबद्दल काहीतरी होतं बघ तिच्या मनात. शेवटी शेवटी सारखं ‘मालन, मालन’ करायची. काय म्हणून विचारलं की तोंड मिटायची.”

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ते बघणं वर्षभर तिच्या पाठीला चिकटून आहे.

उद्या अक्काचं वर्षश्राद्ध आहे. भावजींनी सांगून ठेवलंय, ताटात जोडी हवी. कावळा उद्याही शिवला नाही तर? काय केलं होतं मी अक्काचं? हाच प्रश्न घेऊन मालन कुशीवर वळते, आणि पंख्याचा आवाज हळूहळू बारीक होत जातो.

“चमचा कुठाय गं?”

मालन डोळे उघडते. क्रेटवर हौसाक्का बसलीय. तेच हिरवं इरकल, तोच कमरेला खोचलेला पदर. वाटी तिच्या हातात आहे.

मालन पहिल्यांदा काय करते? पाया पडते? रडते? छे. ती अक्काचे पाय बघते. पायाची बोटं पुढे आहेत की मागे, ते.

“सरळच हायत,” हौसाक्का म्हणते. “बघ नीट. भेगासुद्धा त्याच हायत.”

“अक्का, तुम्ही गेलाय.”

“ठाऊक हाय मला. चमचा दे.”

मालन चमचा देत नाही. शंकेची पाल मनात चुकचुकतेय. अक्काचं रूप घेऊन भलतंच कुणी आलं असलं तर? तशा गोष्टी काय कमी ऐकल्यात? ती उठून भिंतीला पाठ लावून बसते.

“माझ्या पहिल्या हळदीकुंकवाला तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणाला होता, ते सांगा आधी.”

“हिचा चहा म्हणजे गरम पाण्याला रंग दिलेला. शिंप्याच्या शालूला म्हणाले, कानात. तुला कुठनं कळलं?”

“शालूनेच सांगितलं.”

“सटवी,” अक्का म्हणते. “पण चहा तसाच होता हां.”

अक्काच आहे ही. दुसरं कोण असणार? मालन चमचा देते. अक्का पापुद्रा फोडते, एक घास तोंडात टाकते आणि डोळे मिटून बसते. मग तोंड वाकडं करते.

“वर मेण आणि खाली फुळकवणी दूध. हे ठेवणार उद्या माझ्या ताटात?”

मालनचा इतक्या दिवसांचा राग एकदम वर येतो. “मग सांगायचं होतं की जाताना! काय घालत होता आइस्क्रीममध्ये? लेकीला सांगितलं असणार, बेळगावला. मला कशाला सांगाल!”

अक्काचा चमचा हवेतच थांबतो. “मी? मी काय घालत होते? दूध आन् साखर. तू सांग. तू काय घालत होतीस चॉकलेटात?”

“मी?”

“तूच. पडद्याआड. वास घेऊन घेऊन नाक दुखायचं माझं. जायफळ न्हाई, वेलदोडा न्हाई. ताकास तूर लागू दिली न्हाईस कधी.”

दोघी एकमेकींकडे बघत राहतात, बाजारात खोटं नाणं उलटसुलट करून बघतात ना, अगदी तशा. मालनला वाटतं, ही मलाच आधी बोलतं करायला बघतेय. अक्काच्या डोळ्यांतही तेच आहे. मेली तरी बाईची नजर काही बदलली नाही.

तेवढ्यात मालनच्या लक्षात येतं की खोलीत पडदा आहे. मशीन नाही. मशीनच्या जागी दोरी आहे आणि दोरीवर सासूबाईंचं लुगडं, धुऊन वाळत घातल्यासारखं. पलीकडून दांडा फिरल्याचा आवाज येतोय, घर्र घर्र.

“चल,” अक्का म्हणते.

“नको. सासूबाई रागावतील.”

“त्यांचं मी बघते. रोजच गाठ पडती आता.”

अक्का लुगडं उचलते. मालन वाकून पलीकडे जाते, आणि तिच्या पायाला वाळू लागते. पलीकडे नदीचा घाट आहे. दहाव्याची माणसं पाठमोरी उभी आहेत, एकही वळत नाही. पत्रावळीवर भाताचे पिंड. बाभळीच्या जागी दुकानातला मेनूचा बोर्ड उभा आहे आणि त्याच्या कडेवर कावळे ओळीने बसलेत. भावजी हात जोडून सांगतायत, मुलीचं बाळंतपण करू, मुलीचं बाळंतपण करू.

“ऐक,” अक्का मालनच्या कानाशी म्हणते. “दोन पोरं झाली तिला, तिसरं नको म्हणती. आन् ह्यांनी मला बाळंतपणाचं वचन दिलं.”

मालनला हसू येतं, पण ती ते दाबते. हसवून ही माझ्याकडून काढून घेईल. ती सरळ मुद्द्याला हात घालते. “अक्का, का शिवला नाही कावळा? काय होतं तुमच्या मनात माझ्याबद्दल?”

अक्का कावळ्यांकडे बघते. एक कावळा बोर्डावरून उडतो, तिच्या खांद्यावर येऊन बसतो. तिला त्याचं काहीच नाही. खांद्यावर पदर पडावा तसं.

“एवढंच,” ती म्हणते. “चॉकलेटात काय घालतीस, एवढंच विचारायचं होतं.”

“आणि विचारलं का नाही?”

“थोरलीने धाकटीला विचारायचं? मी म्हणायचे, जीव गेला तरी विचारणार न्हाई.”

“गेला की, अक्का.”

“व्हय,” हौसाक्का म्हणते. “गेला.”

भावजींचे हात जोडलेलेच आहेत. वर्षभर जे पाठीला चिकटलं होतं ते एवढंच होतं? ही बाई खाटेवर पडून ‘मालन, मालन’ करत होती ती यासाठी? पण लगेच दुसरा विचार येतो. आणि ही खरं बोलतेय कशावरून?

“शपथ घ्या,” मालन म्हणते.

“कुणाची घेऊ? माझ्या गळ्याची घ्यायची सोय राहिली न्हाई.”

“पोरीची घ्या.”

“पोरीची शपथ. दूध आन् साखर. आता तू घे.”

“जयवंताची शपथ. कोको, साखर, दूध, लोणी. एकदा कॉफी टाकून बघितली होती, ती ओतून दिली.”

“खोटं.”

“तुमच्याशी खोटं बोलून आता मला काय मिळणार, अक्का?”

हे मात्र हौसाक्काला पटतं. ती कावळ्याला खांद्यावरून खाली ठेवते, घरातल्या मांजराला ठेवावं तसं, आणि पदर खोचते. “मग आपल्या दोघींत चोर कोण? चल. एक पॉट लावू. तुझ्यासमोर.”

घाटाच्या पायऱ्या उतरायला मालन पाऊल टाकते आणि पाऊल पडतं ते मागच्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर. अक्काची बाजू. पिंप आहे, बर्फाची लादी आहे, बारदान आहे. अक्का लादी फोडते. बर्फाचे तुकडे उडतात, मालनच्या गालाला लागतात आणि वितळत नाहीत. फरशीवर नदीचं पाणी आलंय घोट्याएवढं, त्यात पत्रावळी तरंगतायत, पण अक्काला काम करताना असल्या गोष्टी दिसत नसत. ती डबा मधे ठेवते, भोवती बर्फ भरते, मुठीमुठीने खडे मीठ टाकते, आणि बारदान टाकून स्वतः पिंपावर बसते, पिंप हलू नये म्हणून.

“फिरव.”

मालन दांडा धरते. जन्मात पहिल्यांदा. दांडा तळहाताला गार लागतो, आणि जड आहे, भावजींचे हात कसे दुखत असतील ते आज कळतं. घर्र घर्र. अक्का वरून बघतेय, तिने काही टाकू नये म्हणून. मालन खालून बघतेय, अक्काने काही टाकू नये म्हणून. दोघींचे डोळे तेल घातल्यासारखे. कुणीच काही टाकत नाही. डबा फिरतोय, बर्फ खाली बसतोय, मिठाचं पाणी वर चढतंय.

आणि मग मालनला ते दिसतं. डब्याच्या काठाला एक पोचा आहे. झाकण तिथे नीट बसत नाही, नखाएवढी फट राहते. डबा फिरत फिरत तो पोचा मिठाच्या पाण्याशी आला की एक थेंब फटीतून आत जातो. पुन्हा फेरा. पुन्हा थेंब.

“अक्का, हा पोचा कसला?”

“विट्याला लग्नाची ऑर्डर घेऊन जाताना टेंपोतनं पडला होता. ठोकून सरळ करून आणलाय. फिरव तू.”

“सरळ नाही झालेला. आत पाणी जातंय.”

“कुठलं पाणी?”

“मिठाचं.”

हौसाक्का पिंपावरून उठते. तिचा चेहरा असा होतो की मालनला दांडा सोडून मागे सरावंसं वाटतं.

“माझ्या डब्यात मीठ? जीभ आवर, मालन.”

आता हे ऐकायला साधं वाटेल, पण पॉट लावणाऱ्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. मीठ बर्फावर टाकायचं असतं, ते डब्यात गेलं म्हणजे हाताला वळण नाही, कामात लक्ष नाही, खानदान नाही. एकदा भरल्या मांडवात अक्काने दुसऱ्या एका आचाऱ्याचा डबा चाखला होता, तोंडातला खारट घास थुंकला होता आणि अख्खा डबा गटारात ओतायला लावला होता. वऱ्हाड बघत होतं. त्यानंतर तो माणूस तासगावात दिसला नाही. आणि आज तिला तिची धाकटी जाऊ सांगतेय की तुझ्या डब्यात मीठ जातं.

“रागवा हवं तर,” मालन म्हणते. “पण आधी बघा.”

अक्का वाकते. डबा मालन फिरवते, सावकाश. पोचा येतो. थेंब जातो. अक्का बघत राहते. पुन्हा फिरव, असं हातानेच सांगते. पुन्हा थेंब.

ती झाकण काढते, एका बोटाने आइस्क्रीम चाखते. खारट लागत नाही. तेवढं मीठ नाहीच त्यात. ती मालनकडे हात पसरते आणि मालनच्या हातात चॉकलेटचं पातेलं आहे, कोमट, कधीपासून आहे कोण जाणे. मालन ओततेय. पापुद्रा धरतो. दोघी एकाच चमच्याने खातात, आधी अक्का, मग मालन.

तीच. तीच जोडी. चॉकलेटचा कडवटपणा मागे सरतो, दुधाची गोडी पुढे येते आणि दोघं मधे कुठेतरी भेटतात. मालनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागतं. चवीमुळे की अक्कामुळे, आता ते वेगळं करून सांगता यायचं नाही.

“एवढी वर्षं,” हौसाक्का बारीक आवाजात म्हणते, “मी गावाला मीठ खायला घालत होते?”

“एवढी वर्षं गाव रांग लावत होतं, अक्का.”

“त्या आचाऱ्याचा डबा ओतायला लावला मी.”

“हो.”

“भरल्या मांडवात.”

“हो.”

अक्का तोंडाला पदर लावते. तिचे खांदे हलायला लागतात. मालनला वाटतं रडतेय, आणि रडतही असेल, पण पदराआडून जो आवाज येतो तो हसण्याचा आहे. मग मालनही हसते. पाण्यातल्या पत्रावळी हलतात इतकं दोघी हसतात. हसता हसता मालन म्हणते, “मला वाटायचं, तुम्ही मला परकी समजता.”

“आन् मला वाटायचं, तू मनातल्या मनात मला हसतीस,” अक्का म्हणते. “म्हातारीला काय कळत न्हाई म्हणून.”

“पडदा उचलायचा होता हो.”

“कुणी उचलायचा?”

मालन चमचा पदराला पुसून पातेल्यात ठेवते.

मग हौसाक्का एकदम गंभीर होते. इकडेतिकडे बघते, भावजी घाटावरून येत नाहीत ना ते बघते. “ह्यांना सांगायचं न्हाई हां.”

“अक्का!”

“हात तुटेपर्यंत दांडा फिरवला त्यांनी. माझ्या हाताखालून मिठाचा कण आत जात न्हाई, असं साऱ्या गावाला सांगत फिरायचे. ते तसंच राहू दे.” ती मालनची मूठ धरते, बोटं उघडते, त्यात काहीतरी ठेवते आणि बोटं पुन्हा मिटवते, एक एक करून. तिचा हात बर्फासारखा गार आहे. “तू घाल. पण डोकवायला कुणाला देऊ नको.”

“आणि उद्या? कावळा?”

“आधी खायला तर घाल,” अक्का म्हणते. “वर्षभर उपाशी हाय मी.”

पडदा वाऱ्याने हलतो. त्याच्या काठाआडून अक्काचे पाय दिसतात, बोटं पुढे, टाचेला भेगा. मग नुसता पंखा दिसतो.

छताला पंखा गरगरतोय. फ्रीजरची घरघर चालू आहे. ऊन फरशीवर जरा पुढे सरकलंय. मालन चटईवर उताणी पडलीय, गाल ओले, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. बोटं अशी आखडलीत की डाव्या हाताने उघडावी लागतात.

तळहातावर मिठाचा एक खडा आहे. करडा, वाळूसारखा, बर्फाला लावतात तसला.

ती उठून बसते आणि खड्याकडे चोराकडे बघावं तशी बघते. मशीन आल्यापासून दुकानात मीठ म्हणून नाही. उरलेलं पोतं जयवंताने त्याच आठवड्यात बर्फवाल्याला देऊन टाकलं. वर घरात आहे ते पुडीतलं, पांढरं, पिठासारखं. मग हा आला कुठून? फरशीच्या सांधीत वर्षभर राहिला असेल? झोपेत हात पसरला आणि सापडला? असेल बाबा. तिला खात्री नाही. ती खडा जिभेच्या टोकाला लावून बघते. मीठच आहे.

वाटी उशाशी तशीच आहे, अर्धी वितळलेली. मालन खडा दोन चमच्यांमध्ये धरून चुरडते, चिमटीने थोडा चुरा वाटीत टाकते, उरलेला मुठीत धरते, ढवळते आणि घास घेते.

आज ती दोन चमच्यांवर थांबत नाही, तिसरा घेते, मग चौथा.

बाहेर शटर वर जातं. थोरले भावजी आत येतात, दारात थांबतात. हात उगाच चोळत असतात ते, सवयच आहे. त्यांची नजर आधी वाटीवर जाते, मग मालनच्या ओल्या गालांवर, मग तिच्या मिटलेल्या मुठीवर.

“जमलं?”

“जमलं.”

ते तिच्या हातातली वाटी घेतात, चमचाभर खातात. चमचा तोंडातच राहतो. डोळे भरून येतात. त्या भरल्या डोळ्यांनीच ते तिच्याकडे बघतात, आणि आता त्यात संशय आहे, अगदी दहाव्याच्या दिवशी होता तसा.

“काय घालत होती गं ती?”

मालन मूठ पदराखाली घेते. तळहाताला अजून गार लागतंय.

“काही नाही, भावजी,” ती म्हणते. “दूध आणि साखर.”